जुळवलेल्या रेघा

कुवेतमधल्या फिंतासच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्या शहरबानूला वाकडी शिवण दिसली की चैन पडत नसे. मूळची हर्णैची. नवरा झहूर लाँचवर तांडेल, म्हणून तो पाण्यावर आणि ही मशीनवर. शेजारणींनी न मागितलेली दुरुस्तीही ती करून द्यायची आणि वर कौतुकाची वाट बघत बसायची.

चौसष्ट सालच्या हिवाळ्यात एका सकाळी लैला तिच्याकडे आली. लैला ल्हासाची मुसलमान. तिथून काश्मीरला आणि काश्मीरहून नवऱ्यामागं कुवेतला आलेली. नवरा इद्रीस झहूरच्याच लाँचवर खलाशी होता. घरात ती अजून ल्हासाचा बिनबाह्यांचा लांब चुबा घालायची आणि त्यावर कमरेला पुढून पांगदेन बांधायची. पांगदेन म्हणजे आडव्या रंगीत रेघांच्या तीन लोकरी पट्ट्या जोडून केलेलं कापड. लग्न झालेल्या बाईनंच ते बांधायचं. स्टोव्हच्या भडक्यानं त्याला भोक पडलं होतं.

"आपा, दोपहर तक दे देना," लैला म्हणाली. "इद्रीस दरिया पे है. हमारे यहाँ बीवी पांगदेन उतार दे, तो शौहर की जान पे आती है."

"अल्लाह पे भरोसा रख, पगली," शहरबानू हसली. "अभी कर देती हूँ."

भोक तिनं खरंच चुटकीसरशी रफू केलं. तिथंच थांबली असती तर! पण कापड पसरलं आणि तिचं डोकं फिरलं. एका पट्टीतली लाल रेघ दुसरीतल्या हिरवीला भिडत होती, तिसरी तर भलतीकडेच. "कुठल्या आंधळ्यानं शिवलंय हे," म्हणत तिनं पट्ट्या उसवल्या, रेघेला रेघ जुळवली, वरखाली उरलेली टोकं कापली आणि नव्यानं शिवण घातली. या नादात दुपार टळली. बाहेर शमालचा वाळूभरला वारा सुटला होता. खिडकीच्या फटीतून वाळू आत येत होती आणि समुद्राचा रंग काळवंडला होता.

लैला आली. शहरबानूनं मोठ्या ऐटीत कापड समोर धरलं. लैलाचं तोंड पांढरंफटक पडलं.

"ये ऐसे नहीं होता, आपा. लकीरें कभी नहीं मिलाते. किसी की नहीं मिलतीं."

 शहरबानू असल्या गोष्टी मानत नव्हती, पण झहूरही त्याच लाँचवर होता. तिनं पुन्हा भराभर टाके उसवले. पट्ट्या मांडीवर घेऊन वर सरकवल्या, खाली सरकवल्या. सरळ जोडणं तिला झोपेतही जमलं असतं. आधीचं वाकडं कसं होतं, ते काही केल्या आठवेना.

"कौनसी कहाँ थी?"

"अम्मा ने जोड़ी थी," लैला म्हणाली. "मैंने कभी ग़ौर ही नहीं किया."

दार ढकलून झहूर आत आला. नखशिखांत भिजलेला. शहरबानूचा जीव भांड्यात पडला. माझा आला, एवढंच तिला सुचलं, आणि त्या क्षणी दुसऱ्या कुणाचं भान तिला उरलं नाही.

झहूरनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो लैलासमोर खाली बसला.

"भाभी, लाँच के पंखे में रस्सा फँसा था. इद्रीस नीचे उतरा. मैंने बहुत रोका, दरिया ख़राब था. हँसने लगा. बोला, तांडेल, घर में लैला पांगदेन बाँध के बैठी है, मुझे क्या होगा." त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. "फिर ऊपर नहीं आया."



"बाँधा था ना, भाभी?" झहूरनं विचारलं.

"हाँ," लैला म्हणाली. "बाँधा था."

शहरबानूला वाटत होतं, लैलानं आक्रोश करावा, माझ्या झिंज्या धराव्यात, झहूरसमोर माझं नाव घ्यावं. लैलानं तिच्याकडे मानही वळवली नाही. मी उसवलं, एवढं झहूरला सांगायला शहरबानूनं तोंड उघडलं, पण शब्द बाहेर पडेना.