बेचाळिसावं नाव

निखिलच्या मुलीचं नामकरण झालं त्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी धम्मपालने कम्प्युटरच्या पेटीवर थाप मारली. मग दुसरी, जरा जोरात. पडदा निळाच राहिला. निळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आणि खाली एक आकडा. त्याने पेटी बंद केली, दहापर्यंत मोजलं, पुन्हा चालू केली. दोन विंडोजची नावं आली. नेहमीसारखं त्याने जुनं निवडलं. काळ्या पडद्यावरची पट्टी थोडी सरकली आणि परत सगळं निळं झालं.

त्याने निखिलला फोन लावला.

"काय केलंस तू?"

"बाबा, आत्ता शिफ्ट सुटली माझी. काय झालं?"

"काल संध्याकाळी इथं बसून काय केलंस, ते विचारतोय. ये इकडं. आत्ता ये."

ऐरोलीहून तुर्भ्याला यायला निखिलला पाऊण तास लागला. तेवढा वेळ धम्मपाल खुर्चीवर टेकला नाही. दुकान आठ बाय दहाचं. एक टेबल, एक प्रिंटर, भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने. दुपारी एक वाजता छापखान्याचा माणूस पानं न्यायला येणार होता आणि रविवारी विहारात पुस्तिका वाटायची होती. तुर्भ्याच्या दगडखाणींत सुरुंगाने, दरडीखाली, क्रशरच्या पट्ट्यात सापडून मेलेल्या माणसांची नावं त्या पुस्तिकेत होती. अकरा वर्षं धम्मपाल ती गोळा करत होता. एक्केचाळीस टाइप झाली होती. एक राहिलं होतं. ते तो आज सकाळी टाइप करणार होता.

दुर्गाबाई येऊन पायरीवर बसली. पंच्याहत्तरीची बाई, उभं आयुष्य डोक्यावर खडी वाहिलेली. अर्धीअधिक नावं तिनेच सांगितली होती. तारीख मात्र तिला एकाचीही सांगता येत नव्हती. "आमच्या सुभद्रीचं बारसं झालं, त्या साली दरड पडली," एवढं ती सांगे, आणि धम्मपाल सुभद्रीचा शाळेचा दाखला शोधत जालन्यापर्यंत जाई. खाणीवरच्या सगळ्याच घरांत साल असंच सांगत. कुणाचं लग्न, कुणाचं जावळ, कुणाचं पहिलं बाळंतपण.

निखिल रिक्षातून उतरला. गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र होतं.

"जयभीम, मावशी."

"जयभीम. जा आत. बाप तापलाय. मी बाहेरच बरी."

निखिलने पडदा पाहिला. खालचा आकडा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अरे यार. विसरलोच."

"काय विसरलास?"

"नवी डिस्क टाकली ना मी तुमाला, फास्ट चालावं म्हणून. जुन्या सेटिंगवर ती रखडत चालते. म्हणून आत जाऊन आयडीईचं एएचसीआय केलं. म्हणजे मशीनने डिस्कशी बोलायची पद्धतच बदलली. नव्या विंडोजमध्ये त्याची तयारी आधी करून ठेवली होती. जुन्यात करायची राहिली. त्याला आता डिस्कच दिसत नाही. म्हणून निळं."

"मला विचारलंस?"

"तुमाला काय विचारायचं त्यात? आयडीई म्हणजे काय ते कळलं असतं तुमाला?"

"मला काय कळतं आणि काय नाही, ते तू ठरवणार? ही पेटी माझी हाय. सोळा वर्षं बसलोय मी हिच्यापुढं. हिच्यावर तुझं कॉलेज झालं. तू येतोस, खोलतोस, बदलतोस आणि बिर्याणी खाऊन निघून जातोस. एक शब्द? बाबा, मी हे केलंय, जुनं उघडून बघा, एवढा एक शब्द?"

"चूक झाली म्हणतोय ना!"

"कुठं म्हणालास? विसरलो म्हणालास."

बाहेर दुर्गाबाई स्वतःशीच म्हणाली, "बराबर हाय."

निखिलने खुर्ची ओढली. "टेन्शन घेऊ नका. फाईल कुठे पळाली नाही. नव्या विंडोजमधून उघडून देतो. तिथूनच प्रिंट मारा."

त्याने नवं विंडोज चालू केलं, जुन्या डिस्कवरची फाईल शोधली आणि उघडली. पान भरलेलं होतं. पण एकही अक्षर मराठी नव्हतं. डॉलर, स्वल्पविराम, उलटे कंस, डोक्यावर टिंब दिलेले इंग्रजी ए आणि ओ, ओळीमागून ओळी. धम्मपालचा टायपिंगचा प्रोग्राम जुना होता. मागे प्रिंटरच्या भोकात एक छोटं कुलूप लावल्याशिवाय तो उघडत नसे, आणि जुन्या विंडोजशिवाय कुठेच चालत नसे. त्याची अक्षरं त्यालाच वाचता येत.

धम्मपाल पडद्याजवळ वाकला. एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा कोण?"

"बाबा, ते फॉन्टमुळे—"

"मी विचारतोय, हा कोण मेलाय? डॉलर मेलाय? हा स्वल्पविराम, ह्याची बायको कोण? सांग की. त्याच्या पोराला रविवारी काय दाखवू मी?"

"ओरडू नका. सगळा रस्ता ऐकतोय."

"ऐकू दे."

"मग मीही बोलतो." निखिल उठून उभा राहिला. "अकरा वर्षांचं काम तुमी एका फाईलमध्ये ठेवता. कॉपी नाही, पेनड्राइव्ह नाही, छापून काढलेलं एक पान नाही. दहा वेळा म्हणालो, द्या मला, नव्या फॉन्टमध्ये करून देतो. हातच लावू देत नाही. एकदा वाचायला दिलं नाहीत. आणि आज शिव्या मला?"

धम्मपालच्या मानेवरची शीर दिसू लागली होती. टेबलावरचा नमुन्याच्या पत्रिकांचा गठ्ठा त्याने उचलला आणि सरळ करून पुन्हा तिथेच ठेवला.

"परत बदल," तो म्हणाला.

"मागे घेतलं तर नवं उठणार नाही. एक तास द्या, दोन्ही उठतील असं करतो. आधी जुनं उठवायचं, त्यात ड्रायव्हर टाकायचा, त्याची तयारी झाली की मग बाहेरचं बदलायचं. आधी आत, मग बाहेर. हा क्रम मी काल चुकलो."

"नवं मला नको. जुनं उठव."

निखिलने पेटी बंद करून चालू केली आणि डिलीटचं बटण दाबत राहिला. निळा-करडा चौकोन आला. बाणाने तो खाली गेला, एएचसीआयच्या जागी आयडीई आणलं, दहा नंबरचं बटण दाबलं. पेटीने एक बारीक शीळ घातली. दोघेही पडद्याकडे पाहत उभे राहिले. पट्टी सरकली. थांबली. पुन्हा सरकली. मग हिरव्या टेकडीचं जुनं चित्र आलं आणि पाठोपाठ सगळी चिन्हं एकेक करून आली.

"झालं," निखिल म्हणाला. त्याच्या आवाजात अजून राग होता.

धम्मपाल खुर्चीत बसला. प्रोग्राम उघडला, फाईल उघडली. मराठी आलं. त्याने पहिल्या पानापासून खाली जायला सुरुवात केली. निखिल मागे उभा राहून वाचू लागला. सुरुंगाची प्रत्येक नोंद सारखीच होती. त्या दिवशी खाणीतून माणसं हटवायचा लाल झेंडा कुणाकडे होता, सुरुंगाला बत्ती देण्याआधी त्याने हाक दिली की नाही, आणि मग माणसाचं नाव, वय, तारीख. काही ठिकाणी झेंडेवाल्यापुढे 'माहीत नाही' होतं. काही ठिकाणी पूर्ण नाव होतं, आणि त्यातली दोन माणसं निखिलला ओळखीची होती. एकाच्या हातून त्याने लहानपणी बोरं खाल्ली होती.

"ह्यांची नावं छापणार तुमी? ते अजून इथेच राहतात."

"त्यांना विचारलं मी. घरी जाऊन. हो म्हणाले."

एक्केचाळिसाव्या नोंदीखाली नुसता आकडा होता, बेचाळीस. त्यापुढे कोरं.

पायरीवरून दुर्गाबाईने हाक मारली. "धम्मा, उघडलं का रे? गोजराचं लिहिलंस?"

निखिल वळला. "आईचं? आईचं काय, मावशी? आई काविळीने गेली."

दुर्गाबाईने धम्मपालकडे पाहिलं. धम्मपालने मान वर केली नाही. तिने पायरीवरची पिशवी उचलली, पदर खोचला आणि पलीकडच्या चहाच्या टपरीकडे चालायला लागली. जाताना एवढंच म्हणाली, "मी चहा सांगते. तुमी बसा."

"बाबा?"

"कावीळ मी सांगितली तुला. तू तीन महिन्यांचा होतास. मोठा झालास, विचारलंस, तवा सांगितली."

"मग?"

धम्मपालने कीबोर्ड जवळ ओढला.

"तोंडानं नाही येत मला. अकरा वर्षं नाही आलं. आज लिहायचं ठरवलं, पहाटेच उठलो, आंघोळ केली, आणि हे निळं." त्याने बोटं चोळली. "वाच तू. मी लिहितो."

"बाबा, आधी सांगा मला."

"वाच म्हणतोय ना!"

पस्तिसाव्या वर्षी अक्षर शिकलेला, पण दहा मिनिटांत लग्नपत्रिका उतरवणारा तो हात आज एका बोटाने चालू लागला. एक अक्षर. मग काना. मग पुढचं. मध्ये चुकलं, ते त्याने खोडून पुन्हा लिहिलं. निखिल खुर्चीची पाठ धरून उभा होता. पहिली ओळ पुरी झाली तेव्हा त्याची पकड सुटली. दुसरी ओळ निम्मी झाली तेव्हा त्याचा हात पुढे गेला, पेटीच्या चालू-बंदच्या बटणावर टेकला आणि तिथेच राहिला. धम्मपालने तो पाहिला. तो थांबला नाही, हात बाजूला कर असंही म्हणाला नाही. पुढचं अक्षर शोधून त्याने दाबलं.

निखिलने बटण दाबलं नाही.

४२. लाल झेंडा धम्मपाल साळवे याच्या हातात होता. सगळे वर आले असे मुकादम म्हणाला, म्हणून त्याने खाणीत वाकून पाहिले नाही व हाक दिली नाही. गोजरा धम्मपाल साळवे, वय सत्तावीस, ९ फेब्रुवारी १९९४ रोजी दुपारी सुरुंगाच्या दगडाने वारली.