सावडीची भाकर

बोरीच्या आश्रुबाकडे एक बैल, दस्तगीरकडे एक. म्हणून दोघांची सावड. आज याच्या रानात औत, उद्या त्याच्या. आणि ज्याचं रान, त्याच्या घरची भाकर. गुरं राखायच्या वयापासून दोघं एकाच फडक्यात जेवलेले.

मग रझाकार आले आणि दस्तगीरने खाकी चढवली. थोडी रझाकारांत असलेल्या मामाच्या धाकाने, थोडी मिरवायला. खोटं कशाला बोला! आश्रुबाचा थोरला भाऊ किशनराव निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला, म्हणून रझाकारांनी त्याचं घर जाळलं. त्या टोळीत दस्तगीर होता. पेटवताना त्याचा हात लागला का, हे आश्रुबाने कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटत होती.

आता हिंदुस्थानची फौज आली, निजाम शरण गेला आणि वारं फिरलं. गावोगाव लोक खाकीवाल्यांना हुडकून मारायला लागले. सुक्याबरोबर ओलंही जळत होतं. त्या सकाळी दस्तगीरचा मागे राहिलेला बैल जोडीला घेऊन ज्वारीशेजारच्या मोकळ्या रानात वखर हाणताना आश्रुबाला आपल्याच ज्वारीत दस्तगीर सापडला. दोन दिवसांचा उपाशी.

दुपारी बायको धुरपता भाकरी घेऊन आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण वखराचा दिवस, म्हणून जुन्या सवयीने तिने दोघांच्या भाकरी बांधल्या होत्या. घोडं पेंड खातं ते इथंच, कारण तिच्या मागोमाग दस्तगीरला शोधत कॅम्पातून परतलेला किशनराव आला.

त्याने फडकं सोडून पाहिलं. "दुसरं कोन जेवायलाय रं?"

"कोन न्हाई, दादा. हिचा हात चुकला."

"मंग समद्या तूच खा. माह्यासमोर. तुकडा उरला तर ज्वारी तुडवतो."

आश्रुबा खाली बसला. तीन भाकरींतच पोट भरलं. चौथीला घास तोंडात फिरायला लागला. भावाला फसवत होता, दस्तगीरच्या तोंडचा घास खात होता, आणि लाज दोघांचीही वाटत होती. पाचवीला जोराचा ठसका लागला. धुरपताला आता सगळं उमगलं. तिने तोंडाला पदर लावला. किशनराव ढिम्म हलला नाही. शेवटची भाकर संपली, तेव्हा कुठे तो उठला आणि गावाकडे चालू लागला.

आश्रुबा ज्वारीत शिरला. "दस्त्या, तुझ्या वाटनीचं खाल्लं रं मी."

"असू दे," दस्तगीर म्हणाला. "तुला ठसका लागला, तवा पाठीवर थापट मारायला उठलोच व्हतो मी. मंग दादा दिसला."