गोड्या पाण्याचा हौद

बसा हो, बसा. पनवेलची मोटार अजून खोपोलीलाच असेल, इथं चौक गावात यायला अर्धा तास तरी घेईल. तुम्ही पुढं उरणला जाणार म्हणालात, म्हणून मुद्दाम धरलं तुम्हाला. एक गोष्ट सांगतो. आधी हसाल, मग जरा गप्प व्हाल. आमच्या नवशाची गोष्ट आहे.

नवशा म्हणजे कर्जतच्या बागेचा माळी. नदीच्या काठाला लहानशी बाग, दोन बाकडी, एक चिंच, कोपऱ्यात विहीर. माणूस कसा, तर बाजाराच्या दिवशी कुणी दमलंभागलं बाकड्यावर टेकलं, की न मागता तांब्या पुढं करणारा. "आदी पानी, मंग बोला." उरणकडची चंद्राबाई कोळीण दर शनिवारी सुकी मासळी घेऊन बाजाराला यायची. पाटी उतरवून पहिली चिंचेखाली बसायची, ती नवशाच्या पाण्यासाठीच.

कडावच्या शाळेत आबाजी गुरुजी होते. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. गुरुजींनी वर्गात विचारलं, "समुद्र केवढा असतो?" एक पोरगं उठून म्हणालं, "भिवपुरीच्या पॉवरहौसातनं पानी सुटतं, तेवढा." सगळा वर्ग म्हणाला, बरोबर! गुरुजी त्या रात्री जेवले नाहीत म्हणतात. समुद्र एका दिवसाच्या वाटेवर, आणि चाळीस पोरांत एकानं पाहिला नव्हता.

मग ते हट्टालाच पेटले. दर शनिवारी एकेका गावची शाळा बागेत आणायची आणि पोरांना समुद्र शिकवायचा. कचेरीत खेटे घालून परवानगी मिळवली. चिंचेखाली दगडी हौद बांधून घेतला. शेजारी जमिनीवर चुन्यानं किनारा आखला, भरतीची रेघ एक, ओहोटीची एक. फळीवर शंखशिंपले मांडले. जितं सामान आणायचं काम चंद्राबाईकडे आलं.

गुरुवारी ती मोटारीनं आली. पिंपात समुद्राचं पाणी, आणि काथ्याच्या शिंक्यातल्या मडक्यात प्राणी. पाच टोकांचा तारामासा. शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे. दगडाला चिकटलेलं एक फूल, बोट लावलं की मिटायचं. मूठभर कोळंबी आणि एक दांडगी चिंबोरी, म्हणजे खाडीतला मोठा खेकडा. नवशा हौदाच्या काठावर उकिडवा बसला तो उठेचना.

"काय रं बगतोस? तुझी सोयरी हायेत का?" चंद्राबाई म्हणाली.

"पावनी हायेत गं. माज्या दारात आलीत."

"मंग संबाळ. गुरुजींनी सांगितलं त्येवडंच कर. हौदातलंच पानी वरून तांब्यातांब्यानं खेळव, बाकी हात लावू नुको." मडकं बागेतच ठेवून ती परत गेली.

शुक्रवारी दुपारी ऊन चढलं. पाण्यावर फेस आला होता, थोडा वासही. नवशानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थू करून थुंकला. खारट! कालपासून पाहुणे आपल्या दारात, आणि आपण त्यांना हे प्यायला ठेवलंय? आता तुम्हीच सांगा, भाताच्या मुलखात वाढलेला माणूस. खाऱ्या पाण्यानं रोप करपतं, गोड्यानं जगतं, एवढंच त्याला ठाऊक. गुरुजी कडावला, विचारायचं कुणाला? त्यानं हौद उपसला, घासून लख्ख केला. विहिरीच्या वीस घागरी ओढून काठोकाठ भरला. प्राणी निवांत झाले. नवशाला वाटलं, तहान भागली, झोपली बिचारी.

सकाळी कोळंबी पांढरी पडून वर तरंगत होती.

तोवर कडावची पोरं फाटकातून आत आलीच, दोन-दोनच्या रांगेत, समुद्र बघायला पहाटेपासून चालत. पुढं गुरुजी, डोक्याला नवी टोपी. हौदापाशी येऊन त्यांनी वाकून पाहिलं. तारामासा लिबलिबीत झाला होता. फूल दगडावरून सुटून तळाशी पडलं होतं. एक चिंबोरी तेवढी कोपऱ्यात नांग्या उगारून उभी.

"मेली की वं सगळी!" जया नावाची चिमुरडी पोर म्हणाली.

इतक्यात पाटी घेऊन चंद्राबाई आली. पोरांची तोंडं बघायचीत म्हणून बाजारात न बसता आधी इकडेच आलेली. गुरुजींचा आवाज चढला. "बाई, जितं म्हणून मेलेलं आणून दिलंत? या लेकरांना मी काय दाखवू?"

बाजाराला निघालेली माणसं कुंपणाशी थबकली.

"गुरुजी, जितीच आनली व्हती वं. या नवशानं बगितली की." तिनं खाली वाकून हौदात बोट घातलं. जिभेला लावलं. मग वळून नवशाकडे पाहिलं.

नवशाच्या हातात गवताची कात्री होती. तो कात्रीकडे बघत राहिला. नोकरी लागून सहा महिने झाले नव्हते, आणि हौद सांभाळीन म्हणून त्यानं कागदावर अंगठा दिला होता. एक वाक्य बोलायचं होतं हो. एकच.

चंद्राबाईनं पदराला बोट पुसलं. "माजंच चुकलं, गुरुजी. वाटंतच पानी नासलं आसंल," म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेऊन निघाली. त्या दिवशी तिनं नवशाकडे पाणी मागितलं नाही.

कुंपणापाशी ऐकलेलं बाजारभर झालं. बाई मेलेलं खपवते. तिची पाटी तशीच भरलेली परत गेली. पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तिसऱ्या शनिवारी नवशा कडावला चालत गेला आणि गुरुजींच्या ओसरीवर डोकं टेकून सगळं ओकला. गुरुजी म्हणाले, "मी माळकरी, नवशा. मासळीच्या पाण्याचं बोट तोंडात घातलं नाही. आणि न चाखता त्या बाईला चारचौघांत बोललो." दोघं पनवेलच्या बंदरावर दोनदा जाऊन आले. कुणी म्हणे उरणला असते, कुणी म्हणे करंजाला. ती काही सापडली नाही.

वर्ग मात्र चालू राहिला. दुसरा कोळी प्राणी आणून देतो, हौदात खारं पाणी असतं, पंचक्रोशीतल्या शाळा येतात. पण धडा गुरुजी सुरू करत नाहीत. आधी नवशा उभा राहतो, टोपी हातात घेऊन, आणि सांगतो, "पोरांनू, समुद्राचं जनावर गोड्या पान्यात मरतंय. म्या मारलीत." पोरं खदखदून हसतात. माणूस तहान भागवायला गेला आणि मारून बसला, हसणारच. नवशा हसू देतो.

एकदा कडावची शाळा पुन्हा आली, तेव्हा ती जया हसली नाही. म्हणाली, "मंग त्या मावशीला गुरुजी बोलत व्हते तवा तुमी का नाय बोललाव, काका?"

त्या दिवसापासून नवशा तेही सांगतो. "म्या गप बसलो," एवढं म्हणतो, तेव्हा कुणी हसत नाही. तीन वर्षं झाली, दर शनिवारी. जिनं ऐकायला हवं, ती तेवढी तिथं नसते.

ती बघा, आली तुमची मोटार. हे मडकं चंद्राबाईचं, शिंकंही तेच. नवशानं आजवर दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता त्याला, आज माझ्या हाती दिलं. तेवढं घेऊन जा. उरणच्या कोळीवाड्यात विचारा, नाही तर करंजाला. भेटली तर सांगा, पाणी नवशानं बदललं हे कर्जतचं पोर न् पोर जाणतं. बाकी काही बोलू नका, माफीबिफी तर नकोच, तो ती स्वतःच मागेल. तिच्या मनात आलं आणि तिनं मडकं भरून दिलं, तर जपून आणा. आणि वाटेत कुणी भला माणूस त्यात तांब्या ओतायला आला, तर तेवढा ओतू देऊ नका.