दोन गावांची काथवट

मी पीठ मळायची एक जुनी काथवट आहे, मित्रांनो. ओकच्या फळ्यांची, चांगली खोलगट, पोटाला कामट्यांचे तीन पट्टे आवळलेली. सध्या मी लिपिना गावच्या शाळेत खिडकीखाली बसलेली असते आणि मुलं माझ्यात ओले हातमोजे टाकतात. मला राग येत नाही. रिकामं बसण्यापेक्षा ते बरं.

माझा जन्म मात्र इथला नाही. दूर पूर्वेला, संथ नदीच्या काठी, मोक्रे नावाचं गाव होतं. चहूकडे दलदल, मधे वाळूचा उंचवटा आणि त्यावर चाळीस घरं. बर्फ वितळून पूर आला की शेजारणी एकमेकींकडे होडीतून जात. त्या गावावरचे राजे बदलले, झेंडे बदलले, शाळेतली भाषाही दोनदा बदलली. माझ्यातलं पीठ मात्र तेच राहिलं.

कसं म्हणाल, तर दर शनिवारी राय धान्याचा काळा पाव भाजायचा आणि मूठभर आंबलेलं पीठ माझ्या तळाशी राखून ठेवायचं. तेच पुढच्या शनिवारचं विरजण. मला कधी धूत नसत, नुसतं खरवडत. उसनी तर मुळीच देत नसत. परक्या घरी गेलेली काथवट रुसते, असं बायका म्हणत. लग्नात नवरीला बसवायला मला उपडी घालत. पेलागिया अशीच माझ्यावर बसली होती आणि तीस वर्षांनी तिची सून अपोलोनिया.

"गुणाची आहे हो," पेलागिया मला थोपटून सांगायची. "हिच्यात दगड टाकला तरी फुगेल."

मग मोठं युद्ध झालं. अपोलोनियाचा नवरा त्यातून परतलाच नाही. युद्ध संपलं तेव्हा देशाची सीमाच सरकली होती आणि मोक्रे पलीकडच्या देशात गेलं होतं. आम्हाला आगगाडीत भरलं. एका डब्यात दोन बायका, एक गाय, एक पेटी आणि मी. तीन आठवडे अपोलोनियाने मला टॉवेलखाली झाकून जपलं. गावची माणसं वाटेतच पांगली, कुणी कुठल्या स्टेशनवर उतरलं, कुणी कुठल्या.

आम्ही उतरलो ते इथे, पश्चिमेच्या डोंगरपायथ्याशी. दगडी घरं, खळाळता ओढा, रस्त्याच्या दुतर्फा लिंडनची झाडं. कालपर्यंत हे जर्मन गाव होतं; आता सीमा सरकून ते आमच्या देशात आलं होतं आणि जर्मनांना इथून घालवत होते. आम्हाला मिळालेल्या घराची मालकीण, एक म्हातारी जर्मन विधवा, आपली जाण्याची पाळी येईपर्यंत मागच्या खोलीत राहत होती. चूल तिघींत एकच. अपोलोनिया तिला रोज पेलाभर दूध द्यायची. पेलागिया तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. सासूसुना बटाटे लावायला शेतावर गेल्या होत्या. दुधाची उतराई म्हणून त्या बाईने सगळं स्वयंपाकघर घासूनपुसून लख्ख केलं. मग तिची नजर माझ्याकडे गेली. वाळलेलं पीठ चिकटलेली, कळकट मी! तिने उकळतं पाणी आणि सोडा घेऊन मला आतून-बाहेरून खसाखसा घासलं आणि उन्हात ठेवलं. मी ओरडणार कशी?

पेलागियाने अंगणात मला पाहिलं आणि माझ्या तळावरून हात फिरवला.

"मोक्रे धुऊन टाकलंस गं बये!" ती म्हणाली. "माझ्या सासूच्या सासूचं पीठ होतं त्यात!"

"आई, तिला काय ठाऊक? चांगल्या मनानं केलं तिनं."

"चांगल्या मनानं? आता आणून दे म्हणावं परत!"

कुणाकडून आणणार? मोक्रेचं एकही घर जवळपास नव्हतं. दोन शनिवार अपोलोनियाने नुसत्या पिठापाण्यावर विरजण धरायचा प्रयत्न केला. माझ्यात गोळा चिखलासारखा पडून राहिला. पेलागिया भिंतीकडे तोंड करून निजलेली. मला फार अपराधी वाटायचं, जणू मीच तिचं गाव सांडून बसले होते.

तिसऱ्या शनिवारी ती बाई तळघरातून मातीचं भांडं घेऊन आली. तिच्या घरचं विरजण. शिकलेले चार शब्द जुळवत म्हणाली, "माझी आई. आईची आई. घ्या."

अपोलोनियाने सासूकडे पाहिलं. पेलागिया उठली, भांडं नाकाशी धरून उभी राहिली.

"आंबट आहे," शेवटी ती म्हणाली. "जरा जास्तच."

"घालू का?"

"घाल. पण मीठ मी टाकणार. तुझा हात सढळ आहे."

पीठ फुगलं, मित्रांनो, माझ्या काठाबाहेर आलं! पहिला घास खाऊन पेलागिया रडली. "आपल्यासारखा नाही," म्हणाली आणि तिने दुसरा तुकडा कापून घेतला.

जूनमध्ये त्या बाईला गाव सोडण्याचा हुकूम आला. दुपारपर्यंत घोडागाडीत बसायचं, हाताने उचलेल तेवढंच घ्यायचं. पेलागियाने मोक्रेहून आणलेली आपली पेटी प्रथमच उघडली, भरतकामाचा टॉवेल काढला, ताज्या पावावर सुरीने क्रूस रेखला आणि तो टॉवेलात गुंडाळून बाहेर नेला.

"मागे बसू नकोस, हाडं खिळखिळी होतात. गाडीवानाजवळ बस," ती त्या बाईला म्हणाली. "मला माहीत आहे ना." मग पाव तिच्या हाती देत, "नाव काय गं तुझं?"

"हेड्विग."

"म्हणजे आमच्या भाषेत यादविगा," पेलागिया म्हणाली आणि गाडी वळेपर्यंत उभी राहिली.

त्यानंतर तीस वर्षं त्या घरातला पाव 'यादविगाचा' म्हणून ओळखला गेला. पुढे दुकानात पाव मिळू लागला, मी माळ्यावर गेले, उंदरांनी मला कुरतडलं. पेलागिया आणि अपोलोनिया दोघी आता इथल्याच मातीत आहेत. एका शिक्षिकेने मला शाळेत आणलं आणि वर पाटी लावली: 'मोक्रे गावची काथवट'.

खरं आहे ते, पण अर्धंच. म्हणून मित्रांनो, मला रंग नको, पॉलिश नको. त्या पाटीवर खाली तेवढं एक नाव लिहा: हेड्विग. तिला ओळखणारं इथे आता कुणी उरलं नाही आणि मला लिहिता येत नाही.