अंदाजे पाच मीटर

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात अठरा वर्षं कागद कापणाऱ्या तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. पाय लहानपणीच गेलेले, पण चाकाच्या खुर्चीत बसून ती पुठ्ठ्याचा गठ्ठा असा उचलायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. शाळेत खेळ शिकवणाऱ्या धाकट्या बहिणीनेच तिला गोळाफेकीचा नाद लावला.

यंदा स्पर्धा जोड्यांची होती. एक धडधाकट, एक अपंग, दोघींच्या फेकींची बेरीज. दारावर भलामोठा फलक लावला होता, 'सगळे एकाच मैदानावर'.

आधी उभ्याने फेकणाऱ्या झाल्या. प्रत्येकीला तीन संधी मिळाल्या. पंच दरवेळी गुडघे टेकून, टेप ताणून मोजत होते. धाकटीची सर्वांत लांब फेक नऊ मीटर बारा सेंटिमीटर गेली.

मग बसून फेकणाऱ्या पाच जणींची पाळी आली. वेळ नाही म्हणून त्यांना एकेकच संधी. मिस्त्रीणबाईची लोखंडी बैठक पट्ट्यांनी जमिनीला आवळली होती. ती सगळ्यात शेवटची. तिने गोळा मानेशी धरला, दम कोंडला आणि सगळा जीव खांद्यात आणून फेकला. गोळा धप्पकन मातीत रुतला. आधीच्या चौघींसारखीच त्या खड्ड्यापाशी कुणीतरी तिच्या नंबराची झेंडी खोचली. आता सगळ्यांचं एकदम मोजतील, असं तिला वाटलं. तिने पंचांकडे पाहिलं, तर ते टेप गुंडाळत होते.

"पाच मीटर," ते लिहिता लिहिता म्हणाले.

"मोजलं कधी?"

"अहो बाई, अंदाज आहे ना आमचा! तुम्हा पाचही जणींना पाच-पाच दिलेत. कुणाचं मन दुखवायला नको."

मिस्त्रीणबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मन राहू दे बाजूला. टेप काढा."

तेवढ्यात धाकटी तिच्या कानाशी वाकली. "ताई, पाच धरले तर आपण तिसऱ्या येतो. गप्प बस ना गं."

हे मात्र जिव्हारी लागलं. "तुझी फेक बोटभर कमी लिहिली असती, तर तू सगळं मैदान डोक्यावर घेतलं असतंस. आणि मी गप्प बसू?"

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला.

मदतनीस पट्टे सोडायला आला. "हात लावायचा नाही," मिस्त्रीणबाई कडाडली. "मोजल्याशिवाय मी इथून उठत नाही."

मग आयोजक लगबगीने आले. "पाहुणे ताटकळलेत हो! तुमच्या जिद्दीचं आम्हाला कौतुकच आहे."

"कौतुक तुमच्यापाशीच ठेवा. गोळा किती लांब गेला ते सांगा."

मागून त्या पाचांतलीच एक बाई आपल्या खुर्चीची चाकं ढकलत पुढे आली. टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त झालेली, सगळ्यांची काकू. "माझंही मोजा," ती म्हणाली. मग उरलेल्या तिघीही म्हणाल्या.

नाइलाजाने टेप निघाला. मिस्त्रीणबाईची फेक भरली चार मीटर त्र्याऐंशी. आयोजकांना हसू आवरेना. "बघा, आम्ही जास्तच दिलं होतं!"

"जास्त नको होतं," ती म्हणाली. "माझं होतं तेवढंच हवं होतं."

काकूच्या झेंडीपाशी मात्र पंचांनी टेप दोनदा लावून पाहिला. सहा मीटर चाळीस! मघाशी तिच्याही नावापुढे त्यांनी पाचच लिहिले होते. काकू नुसती पंचांकडे बघत राहिली. त्यांनी मान वर केली नाही.

काकूची जोडी तिसरी आली. मिस्त्रीणबाई आणि धाकटी चौथ्या. बक्षिसांच्या वेळी आयोजकांनी ध्वनिक्षेपकावर "आमच्या पंचांच्या काटेकोरपणाचं" तोंड भरून कौतुक केलं. टाळ्या पडल्या. मिस्त्रीणबाईने दात-ओठ खाल्ले.

परतताना धाकटी तिची खुर्ची ढकलत होती. मग एकदम म्हणाली, "तिसरा नंबर दिसला आणि माझी अक्कल गहाण पडली, ताई. चुकलंच माझं."

"चुकलंच."

त्याच आठवड्यात धाकटीने तक्रारअर्ज लिहिला. एकच संधी का, न मोजता आकडे का, सगळं रोखठोक. पाचही जणींनी सह्या केल्या. दीड महिन्याने उत्तर आलं, तेही एका ओळीचं. 'आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.'

"भावना?" मिस्त्रीणबाईने तो कागद टेबलावर आपटला. "भावना कुणी कळवल्या होत्या यांना? घे पेन. पुन्हा लिही."