लागून राहिला

गाडीवाल्यानं भाडं शोधायला दलाल ठेवावा की स्वतःच्या पायांनी हिंडावं, यावर छत्तीसगढातल्या खुर्सीपारच्या त्या गल्लीत एकेकाळी कपबशा फुटेस्तोवर वाद व्हायचे. आता होत नाहीत. सत्यशीलाबाईंनी तो वाद मिटवला, आणि कसा मिटवला ते ऐकाल तर म्हणाल, बाई आहे की आग आहे!

बाई साठीच्या. नवरा कवडू पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर जन्मभर भाजून निघालेला. सेक्टर दोनचं क्वार्टर सुटलं तेव्हा फंडाच्या पैशांतून त्यानं खुर्सीपारात दोन खोल्या घेतल्या आणि एकुलत्या एका पोराला, नागसेनला, मालाची दहाचाकी गाडी घेऊन दिली. गाडीच्या कपाळावर निळ्या रंगात ‘जय भीम’ लिहिलं तेही कवडूनंच. हात कापत होता, त्यामुळे ‘भी’ची वेलांटी जराशी कलंडली. पेंटर म्हणाला, सरळ करून देतो. कवडू म्हणाला, हात लावायचा नाही.

सुरुवातीला नागसेन भाडं स्वतःच शोधायचा. सकाळी उठून ट्रान्सपोर्टवाल्यांची दारं पुजायची, मुन्शीला चहा पाजायचा, दिवसभर बाकड्यावर बसून संध्याकाळी ‘कल आना’ ऐकायचं. माल पोचवून परत येताना तर आणखी हाल, परक्या गावात ओळख कोणाची? कधी रिकामी गाडी घेऊन यायचा, तेव्हा डिझेल जळायचं ते कवडूच्या काळजातून.

मग आला सोनू. जामुलचा पोरगा, आजोबा नागपूरकडून रेल्वेत आलेले. स्वतःची गाडी नाही, स्टेअरिंगला कधी हात लावलेला नाही. दोन मोबाइल आणि एक जीभ, एवढंच भांडवल. पार्टीकडून माल उचलायचा, गाडीवाल्याला द्यायचा, मधलं कमिशन आपलं. बाकी ड्रायव्हरांशी हिंदीत बोलायचा, पण या दारात आला की म्हणायचा, “जय भीम काकू! चहा ठेवा न, कावून नाराज दिसून राहिल्या आज?” बाई पाघळल्या. परमुलखात आपली बोली कानावर पडली की माणसाचं अर्धं डोकं बंद पडतं. आपला माणूस म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही.

एकटा कवडू कुरकुरला. “टायर नागसेनचे घासते, झोप नागसेनची मरते, अन् गाडी कुठं जाईल हे हा सांगते? आपली गाडी दुसऱ्याच्या जिभेवर उभी करू नये रे बाप्पा.”

सून रीना म्हणाली, “बाबा, पण भाडं शोधण्यात जायचे तेवढे दिवस हे घरी तर राहतात.”

आणि खोटं कशाला बोला, तिचं खरंच होतं. पहिले काही महिने झकास गेले. इकडे माल उतरला की तिकडे परतीचा लोड तयार. नागसेन लहान पोरासारखा हसायला लागला. रीनाच्या अंगावर मांस चढलं. बाईंनी शेजारणींना सांगून सांगून आणखी आठ-नऊ गाड्या सोनूच्या पदरात घातल्या.

फक्त सोनूचा एक शब्द होता. लोड मिळाला की तो म्हणायचा, ‘लागला’. नाही मिळाला तर ‘नाही’ कधी म्हणायचा नाही. म्हणायचा, ‘लागून राहिला’, म्हणजे लागतोच आहे. आपल्या बोलीत ही मोठी सोय आहे बघा. हो म्हणावं लागत नाही, नाही म्हणावं लागत नाही, काम चालूच असतं. किती वेळ चालू, ते ना विचारणाऱ्याला कळत ना सांगणाऱ्याला.

त्या उन्हाळ्यात नागसेन सळ्या घेऊन ओडिशात अंगुलला गेला आणि इकडे कवडूच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात भरती केलं. बाईंनी पोराला फोन केला, “ये बापू, जसा आहे तसा ये.” नागसेन म्हणाला, रिकामीच घेऊन निघतो. निघण्याआधी त्यानं सोनूला कळवलं, आणि तिथंच घात झाला.

“नागसेनभाऊ, पागल झाले काय?” सोनू म्हणाला. “एवढ्या लांबून खाली गाडी आणता? लोड लागून राहिला. गाडी फॅक्टरीच्या गेटात लावा, कागद जमा करा. रात्री भरली की सकाळी घरी.”

नागसेननं कागद जमा केले. रात्र गेली. सकाळी फोन केला, लागून राहिला. दुपारी केला, लागून राहिला. कागद गेटात अडकलेले, बरोबर क्लीनर नाही, परक्या गावात गाडी सोडून बस धरावी तर परत आल्यावर चाकं जागेवर दिसायची नाहीत. “माह्या बापाची तब्येत खराब आहे रे सोनू!” तो फोनवर ओरडला. “हो न भाऊ, त्याच्यासाठीच तर धावून राहिलो,” सोनू म्हणाला.

इकडे डोळे उघडले की कवडू विचारायचा, “नागसेन आला काय?”

बाई म्हणायच्या, “येऊन राहिला.”

थोड्या वेळानं परत, “आला काय?”

“येऊन राहिला न, वाटेतच आहे.”

असं किती वेळा झालं, देव जाणे; बाईंनी मोजलं नाही. शेवटच्या वेळी कवडूनं मान वळवून बायकोकडे बघितलं. ओठाच्या कोपऱ्यात हसला आणि म्हणाला, “सत्यशीले, तू पण सोनूसारखी बोलून राहिली काय?”

त्यानंतर तो काही बोलला नाही. नागसेन आला तेव्हा बापाची राखही निवली होती.

कवडूच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, माणसं जेवून उठत होती तेव्हा शेजारचा फकिरा ड्रायव्हर ताट हातात धरून बाईंपुढे येऊन उभा राहिला. मान खाली. म्हणाला, “काकू, अंगुलचा तो लोड मले भेटला होता. नागसेनच्या आधी. मी जास्त कमिशन कबूल केलं होतं. माही गाडी रस्त्यात बिघडली होती, येईस्तोवर पार्टी भडकली असती, म्हणून सोनूनं नागसेनची गाडी गेटात उभी ठेवली. नुसती दाखवायला. मले हे मागून समजलं, काकू. आईची शपथ.”

म्हणजे लोड लागून राहिलाच नव्हता! बाप मरत असताना पोराला दुकानातल्या पुतळ्यासारखं उभं केलं होतं!

बाई रडल्या नाहीत. फकिराच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाल्या, “तू सांगितलं, बरं केलं. आता गप राहा.” सोनूलाही त्या काही बोलल्या नाहीत. नागसेन त्याच्या नरडीचा घोट घ्यायला निघाला होता, त्याला दारातूनच परत फिरवला. “मारून काय होते? दोन दिवस सुजते अन् उतरते. मले न उतरणारं पाहिजे.”

पाऊस गेला, दिवाळी गेली. बाई थांबल्या. आणि एक दिवस सोनू स्वतःच्या पायांनी चालत दारात आला, हातात पेढ्यांचा डबा.

“काकू, आशीर्वाद द्या! जामुलची मोठी पार्टी भेटली. पुलाच्या कामाचं सिमेंट. सोमवारी सकाळी दहा गाड्या गेटावर लावल्या की सालभराचं काम आपलं. त्याच दिवशी ऑफिसचं उद्घाटन ठेवलं, शेठच येऊन राहिले फीत कापायले. नागसेनभाऊची गाडी सगळ्यात समोर पाहिजे.”

बेशरमाच्या मागं झाड उगवलं तर म्हणे सावली झाली. कवडूचा हार घातलेला फोटो त्याच्या डोक्यावर लटकत होता आणि हा पेढे वाटत होता!

बाईंनी पेढा घेतला. “लावतो न बाबू. कावून नाही लावणार?”

रविवारी विहारात वंदना झाली. राग धरू नये, यावर उपासकानं चांगलं तासभर सांगितलं. बाईंनी सगळं ऐकलं, मूर्तीपुढे हात जोडले आणि मनात म्हणाल्या, उद्याचा एक दिवस डोळे मिटलेलेच राहू दे, तथागता. मग बाहेर चपला घालता घालता एकेका गाडीवाल्याच्या बायकोला गाठलं.

“काकू, आमची रोजी त्याच्याच फोनवर चालते,” एक म्हणाली.

“तुह्या भावाच्या लग्नात तुहा नवरा कुठं होता वं?”

नवरा तेव्हा झारखंडात होता, लोड लागून राहिला होता. कोणाची बायको एकटीच बाळंत झाली होती, कोणाचं पोरगं तापात असताना बाप नाक्यावर झोपला होता. प्रत्येक घरात त्या शब्दाचा एकेक काटा मोडून बसलेला होता. बाईंना फार बोलावं लागलंच नाही.

“कोणी नाही म्हणायचं नाही,” त्यांनी बजावलं. “त्याचाच शब्द त्याले द्यायचा. एकही शब्द जास्त नाही.”

सोमवारी जामुलला सिमेंटच्या गेटाजवळ मांडव, खुर्च्या, ‘सोनू लॉजिस्टिक्स’चा चकचकीत बोर्ड. शेठ येऊन बसला. गेटावर एकही गाडी नाही. सोनूनं फकिराला फोन लावला.

“लागून राहिली भाऊ,” फकिरा म्हणाला.

दुसऱ्याला लावला. लागून राहिली. तिसऱ्याला, चौथ्याला. छत्तीसगढी ड्रायव्हरसुद्धा तेवढे दोन शब्द मराठीत शिकून बसले होते, हसू दाबून म्हणायचे, “लागून राहिली भैया.” सोनूला अजून कळलं नव्हतं. त्यानं नागसेनला लावला.

नागसेनचा फोन बाईंजवळ होता. त्या दहाचाकीच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या होत्या, चावी पदराच्या गाठीत. नागसेन खाली टायरला टेकून उभा.

“काकू, नागसेनभाऊले द्या न, गाडी कुठं आहे?”

“लागून राहिली बाबू.”

“काकू, शेठ उठून राहिले!”

“हो न बाबा, त्याच्यासाठीच तर धावून राहिलो आम्ही.”

पलीकडे सोनूचा दुसरा फोन वाजत होता, तो कोणी उचलेना. आता त्याला कळलं. बाईंना ते ऐकू आलं, आणि अंगातून अशी थंडगार लहर गेली की काय सांगू! शेठ उठला. जाताजाता दुसऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करून गेला, तासाभरात त्याच्या गाड्या लागल्या आणि सोनूच्या मांडवातल्या खुर्च्यांवर बसून त्या गाड्यांच्या ड्रायव्हरांनीच सगळा चहा संपवला.

उन्हं कलली तेव्हा सोनू बाईंच्या दारात आला. शर्ट घामानं भिजलेला, दोन्ही फोन बंद.

“काकू, मले बरबाद केलं. जामुलपासून दुर्गपर्यंत कोणी आता मले पार्टी देणार नाही. कावून? मी काय केलं तुमचं?”

बाईंनी फोटोकडे बोट केलं.

सोनूनं वर बघितलं. मग म्हणाला, “काकू, खरं सांगतो, हर ड्रायव्हर म्हणते बाप बीमार आहे, माय बीमार आहे. मले वाटलं, नागसेनभाऊ पण तसंच बोलून राहिले.”

“अन् ते खरं होतं.”

“हो.”

तो उंबऱ्यावरच बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. बाईंनी आतून पाण्याचा गिलास आणून त्याच्या हातात दिला. पाणी कोणाला नाकारायचं नाही, वैऱ्यालाही नाही, हे त्या घराचं वळण होतं. पण पाण्याशिवाय त्याला त्या घरातून काही मिळालं नाही. माफी मागितली, तीही बाईंनी ऐकून घेतली आणि गिलास परत घेतला.

आता गल्लीतल्या गाड्यांचे लोड रीना बघते. घरातलाच एक फोन, नऊ-दहा गाड्या, आणि बाईंनी घालून दिलेला एकच नियम. लागला असेल तर ‘लागला’ म्हण, नसेल तर ‘नाही लागला’ म्हण. रिकामे या म्हण. डिझेल जळेल, जळू दे.

सोनू गेला त्या संध्याकाळी मात्र हे काही ठरलं नव्हतं. बाई फोटोखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदरातली गाठ अजून सोडलेली नव्हती. नागसेन जवळ येऊन उकिडवा बसला.

“माय,” त्यानं विचारलं, “झालं काय मन शांत?”

बाईंनी पदरातली गाठ मुठीत धरली.

“होऊन राहिलं,” त्या म्हणाल्या.