शुक्रवारची सुट्टी

श्यामकांत टिपणीसांनी कॅन्टीनमधल्या दोन खुर्च्या खिडकीपाशी ओढल्या, शेजारी शेजारी मांडल्या आणि डावीकडची किंचित तिरकी केली. समोरासमोर बसवलेला माणूस उत्तरे देतो, बोलत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. टेबल त्यांनी मुद्दाम मागेच राहू दिले.

खिडकीबाहेर कारखान्याचे आवार निपचित पडले होते. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीला वीजमंडळाने शुक्रवारची सुट्टी नेमून दिलेली. बाकीचे जग कामावर असताना इथली यंत्रे थांबत आणि जगाच्या रविवारी इथले भोंगे वाजत. याच वसाहतीतल्या नोकरीची सारी वर्षे टिपणीसांनी शुक्रवारीच दाढी निवांत केली होती. निवृत्तीनंतर ती गरज संपली, सवय राहिली.

मधू चौबळ आला आणि त्याच्या ठरलेल्या खुर्चीत बसला. चाळिशीच्या अलीकडचा, उंच, बोलताना बोटांनी हवेत मापे घेणारा माणूस.

"सर, आज जरा अवघड आणलंय."

"बोला, चौबळ."

गेल्या वर्षी दसऱ्याला कारखान्याचे मालक तलरेजा यांनी मधूला टूलरूममधून उचलून वर्क्स मॅनेजर केले होते. ज्यांच्याबरोबर तो डबा खात असे ती माणसे त्याला पाहून गप्प होऊ लागली, आणि मधूही त्यांच्यावर उगाच ओरडू लागला. तेव्हा तलरेजांनी टिपणीसांना गाठले. एका मोठ्या कारखान्याचा कारभार सांभाळून निवृत्त झालेला हा गृहस्थ आठवड्यातून एकदा मधूबरोबर बसेल, एवढीच योजना होती. टिपणीसांनी दोन अटी घातल्या. शुक्रवारी जे बोलणे होईल त्याची मालकांनी चौकशी करायची नाही. आणि स्वतः टिपणीस शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या खात्यात, पाऊल टाकणार नाहीत. इंजिनिअरच्या डोळ्याला दोष दिसला की जीभ उपाय सांगून मोकळी होते आणि समोरचा होता तिथेच राहतो.

पहिले काही महिने मधूने उत्पादनाच्या आकड्यांपलीकडे काही सांगितले नाही. मालकाने बसवलेला माणूस म्हणूनच तो टिपणीसांकडे पाहत असे. मग एका शुक्रवारी कॅन्टीनमधला फोन वाजला. तलरेजा होते. "लडका कैसा चल रहा है?" हा त्यांचा मोठा आवाज मधूलाही ऐकू आला. "इथंच बसलेत, त्यांनाच विचारा," असे म्हणून टिपणीसांनी फोन मधूच्या हातात दिला होता. त्यानंतर मधू बोलू लागला.

"रात्रपाळीवाले डाय प्रेसवर तशीच सोडून जातात," बोटांनी हवेत त्या जड साच्याचे माप घेत मधू आता सांगत होता. "सकाळी बारकू येतो, त्याला दुसरी डाय चढवायची असते. आधी ती उतरवा, मग ही चढवा. तो सखाच्या नावानं ठणाणा करतो. सखा म्हणतो, रात्री उतरवून ठेवू कुठं, डोक्यावर? परवा दोघं अंगावर धावून गेले."

"खरंच, ठेवायची कुठं?"

"तेच ठरलेलं नाही."

"कुणी ठरवायचं?"

"मी." मधू थांबला. "नाही. मी ठरवलं तर दोघंही मिळून माझ्या नावानं ओरडतील."

"तेवढी तरी एकी होईल."

मधू हसला. टिपणीस हसले नाहीत, पण त्यांनी पाय पसरले. मग पुन्हा शांतता. ती मोडायची नाही हा त्यांच्या कामाचा सर्वांत कठीण भाग होता आणि तो त्यांना उत्तम जमे.

"दोघांना पाळी बदलताना एकत्र उभं केलं तर?" मधू हळूहळू म्हणाला. "प्रत्येक प्रेसशेजारी जागा आखायची. त्यांनीच आखायची. सखानं रंगाचा डबा धरायचा, बारकूनं ब्रश."

"भांडले तर?"

"रंगानं भांडतील. कपडे खराब होतील, डोकी फुटणार नाहीत."

टिपणीसांना बरे वाटले. समोरच्याच्या तोंडून त्याचे स्वतःचे उत्तर बाहेर पडताना ऐकणे, यासाठीच तर ते आठवडाभर थांबलेले असत.

ते उठले तेव्हा शॉपकडच्या आतल्या दारात देऊ उभा होता. बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा हा पहारेकरी शुक्रवारी आवारात एकटाच असे.

"सायेब, भायेरच्या दाराचा कुलूप फिरत नाय. मघाधरनं तेल घालतंय. प्रेस शापातनं या, तिकडचा दार उघडा ठेवलाय."

"तिकडून नको," मधू घाईने म्हणाला. "सर, तेल सांडलंय तिथं. शिवाय तुमचा नियम आहे. थांबूया थोडं, उघडेल."

"आज यंत्रं बंद आहेत. डोळे समोर ठेवून चालेन," टिपणीस म्हणाले आणि देऊच्या मागे निघाले.

डोळे समोर ठेवणे त्यांना जमले नाही. वरच्या काचांतून पडलेल्या उजेडात प्रेसची रांग उभी होती आणि प्रत्येक प्रेसच्या उजव्या हाताला जमिनीवर एक पिवळा चौकोन आखलेला होता. एका चौकोनात गोणपाटाखाली डाय ठेवलेली. रेषा एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक, जणू दोन वेगळ्या स्वभावांच्या हातांनी ओढलेली. ट्रॉलीच्या चाकांनी कोपऱ्यांवरचा रंग पार खरवडून आतले सिमेंट दिसू लागले होते. असा रंग आठ-पंधरा दिवसांत झिजत नाही.

तेल कुठेही सांडलेले नव्हते.

मधू दोन पावले मागे होता. टिपणीसांनी चाल मंद केली नाही की वळून पाहिले नाही. फाटकाशी आल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे हात वर केला.

"येतो."

"पुढच्या शुक्रवारी, सर," मधू म्हणाला.

बदलापुरात बेलवलीच्या घरी ते पोचले तेव्हा कौसाबाई भाकरी करीत होती. पत्नी गेल्यापासून सकाळ-संध्याकाळ तीच येऊन स्वयंपाक करून जाई. मुलगा बडोद्याला होता. त्याचा फोन शेजारच्या घरी येई आणि शेजारी उभे असल्यामुळे दोघेही हवापाण्याचेच बोलत.

टिपणीस हात धुऊन पाटावर बसले. मग मागचे शुक्रवार एकेक करून त्यांनी तपासायला घेतले. उन्हाळ्यातला शिकाऊ मुलांचा प्रश्न. पावसाळ्यातले पॅकिंगवाल्या बायकांच्या वेळेचे प्रकरण. प्रत्येक वेळी मधू उत्तरापर्यंत अडखळत पोचला होता, पण अडखळण्याच्या जागा आता त्यांना फार नीट मांडलेल्या वाटू लागल्या. हा माणूस केव्हापासून सुटलेली गणिते आणून त्यांच्यासमोर पुन्हा सोडवत होता? हात सोडायला घाबरत होता म्हणून? की म्हाताऱ्याचा शुक्रवार रिकामा जाऊ नये म्हणून? दुसऱ्या शक्यतेपाशी त्यांनी ताट थोडे पुढे सरकवले.

"दादा, शुक्करवारी तुमचा तोंड जरा हसरा असतो," कौसाबाई म्हणाली. "आज काय भाकर कच्ची राहिली काय?"

"भाकरी चांगली आहे."

"मग खावा की."

त्यांनी खाल्ली. तिने भांडी घासली, दार ओढून घेतले आणि घरात धुतलेल्या कुकरच्या झाकणावरून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा राहिला.

पुढच्या आठवड्यात तलरेजांनी त्यांना उल्हासनगरला बोलावले. कॅम्प दोनच्या बाजारात, कापडाच्या दुकानावर त्यांचे ऑफिस होते. खालून गिऱ्हाइके आणि हातगाडीवाले यांचा कलकलाट वर येत होता. तलरेजांनी स्वतः उठून खिडकी लावली.

"टिपणीस साहेब, साल पुरा झाला. मधू बोलतो, अजून एक साल पाहिजे. बोलतो, बहोत शिकायचं बाकी आहे. मला काय प्रॉब्लेम नाही. तुम्ही हां बोला, बस."

नुसती मान हलवायची होती. टिपणीसांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. काच स्वच्छच होती. आणखी एक वर्षभर शुक्रवारची दाढी, ती खिडकी, त्या दोन खुर्च्या. मधूला त्यात काही तोटा नव्हता. पण माणूस स्वतः चालू लागल्यावरही त्याच्याकडून लंगडण्याचा सराव करवून घ्यायचा, हे कसले काम?

"नको," ते म्हणाले.

"तब्येत?"

"तब्येत ठीक आहे. त्यांना माझी गरज उरलेली नाही."

"तो तर बोलतो, आहे."

"ते म्हणतात ते बरोबर नाही."

तलरेजा पुढे झुकले. "मग खोटं कशाला बोलतो? मला साफ सांगा. दुसरी नोकरी बघतो काय? शिकून निघून जाणार?"

या प्रश्नाचा विचार टिपणीसांनी केला नव्हता. पाहिले ते सांगितले तर मधू संशयातून सुटला असता, पण अट मोडली असती. शिवाय खरे कारण त्यांना तरी कुठे ठाऊक होते?

"शुक्रवारचं विचारायचं नाही, असं आपलं ठरलंय," ते म्हणाले. "पण कारखाना त्यांच्या हातात द्यायला हरकत नाही, हे माझं मत. ते मी माझ्या नावावर सांगतो."

तलरेजा खुर्चीत मागे टेकले. मग हसले. "साल झाला, एक बात नाही सांगितली तुम्ही मला. बायकोला पण नाही सांगत असाल." आणि लगेच, काहीतरी आठवून, त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "सॉरी हां. चाय पिऊन जा."

त्या शुक्रवारी टिपणीसांनी खुर्च्या हलवल्या नाहीत. मधू आत आला तेव्हा ते उभेच होते.

"तलरेजांनी सांगितलं असेल."

"सांगितलं." मधू टेबलाशी थांबला. "म्हणजे मी पास."

"केव्हाच."

मधूने टेबलावरचा स्टीलचा पाण्याचा जग उगीच सरळ केला. "त्या दिवशी तुम्ही चौकोन पाहिलेत ना, सर?"

"हो."

"मग विचारलं का नाहीत? सगळं विचारता, तेवढंच नाही विचारलंत."

"विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतंत."

मधूने मान खाली घातली. तो काही बोलेल म्हणून टिपणीस सवयीने गप्प राहिले. तोही राहिला. या वेळी त्या शांततेतून काहीच निघाले नाही. बाहेर देऊ झाडलोट करीत होता, खराट्याचा आवाज जवळ आला आणि लांब गेला.

"रविवारी मी इथं असतो," मधू शेवटी म्हणाला. "कुंदा आणि पोरगी घरी. संध्याकाळी पोचतो तोवर त्या दोघींचं सगळं बोलून झालेलं असतं." एवढे बोलून त्याने हात पुढे केला. "आभारी आहे, सर. खूप शिकलो."

टिपणीसांनी हात हातात घेतला. काम चोख पूर्ण झाले होते. फाटकाबाहेर रिक्षा मिळेपर्यंत त्यांनी ते स्वतःला दोनदा सांगितले.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि तयार होऊन खुर्चीवर बसले. कौसाबाईने केर काढताना त्यांना पाय वर घ्यायला सांगितले. त्यांनी घेतले. थोड्या वेळाने ती त्याच खुर्चीखालून पुन्हा केरसुणी फिरवू लागली.

"मघाशीच झालं की इथलं," ते म्हणाले.

"तुम्ही बसलाय तसा कोण बसत नाय घरात, दादा. कुठं जायचा तर जावा."

अंबरनाथला उतरून शिवमंदिराच्या रस्त्याने जाताना टिपणीसांनी तीन कारणे तयार केली. एक कारखान्यासंबंधी, एक तलरेजांचा निरोप आणि एक अगदी साधे, इकडून जात होतो म्हणून. तिन्ही त्यांनी नीट पारखली. वाक्ये कुठे तुटतात तेही पाहिले. मधूचे घर त्यांनी कधी पाहिले नव्हते, पत्ता मात्र एकदा बोलता बोलता कानावर पडला होता. दुसऱ्या मजल्यावर चौबळांची पाटी होती आणि आत रेडिओ मोठ्याने लावलेला होता. ऐकण्यासाठी कोणी एवढा मोठा लावत नाही.

त्यांनी बेल वाजवली. रेडिओ बंद झाला.

मधूने दार उघडले. तो बनियन-लेंग्यावर होता, हनुवटीवर खुंट वाढलेले. क्षणभर त्याने टिपणीसांच्या मागे जिन्याकडे पाहिले, आणखी कोणी आले आहे का म्हणून.

"सर? काही काम होतं?"

टिपणीसांनी तोंड उघडले. तिन्ही कारणे रांगेत उभी होती. त्यांतले एकही त्यांना पुढे करता येईना.

"काम काही नाही," ते म्हणाले.

मधू दाराची कडी धरून उभा राहिला. खालच्या मजल्यावर कोणीतरी फोडणी दिली, तिचा वास जिन्यातून वर आला.

"कुंदा बँकेत कामावर गेलीय, पोरगी शाळेत," तो म्हणाला. "चहा म्हणाल तर मला धड जमत नाही."

"मला जमतो."

टिपणीसांनी चपला काढल्या, भिंतीशी लावून ठेवल्या आणि मधूच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर सकाळची भांडी तशीच होती. त्यांनी पातेले विसळले, पाणी मोजून घातले आणि स्टोव्हला पंप मारला.

"साखर कुठं असते?"

मधूने फळीवरचा एक डबा उघडला. त्यात रवा होता. दुसऱ्यात डाळ.

"बघावं लागेल," तो म्हणाला.

पाणी तापत होते. टिपणीसांनी फळीच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.